वॉटर टनेल बांधताना भोवऱ्यापासून सुरुवात करा, पंपापासून नको

वॉटर टनेल म्हणजे वस्तूवरून पाणी वाहू देऊन तिच्यामागचे भोवरे बघायचं साधन. आमच्या पहिल्या टनेलसाठी सगळ्यात आधी काय घेतलं असेल, तर पंप. तोही चांगला दणकट, कारण "कमी पडायला नको". मग त्या पंपाला शोभेल अशी टाकी, टाकीला शोभेल असा पाइप आणि शेवटी उरलेल्या जागेत काचेचं चॅनल. बटण दाबलं आणि अर्ध्या मिनिटात पाणी ताकासारखं पांढरं झालं. आत उभ्या केलेल्या नळीमागचे भोवरे राहू द्या, नळीच दिसेना.

त्या फजितीतून शिकलेला क्रम या लेखात आहे. आधी कोणता भोवरा बघायचा ते ठरवायचं, त्यावरून वस्तूची जाडी आणि पाण्याचा वेग, वेगावरून चॅनलचा आकार, आकारावरून पाणी शांत करणारी टाकी आणि पंप सगळ्यात शेवटी. लेखातली मापं कॉलेजच्या प्रयोगशाळेत किंवा मोठ्या गॅरेजमध्ये मावेल अशा टनेलची आहेत. सुतार, फिश टँक बनवणारा आणि प्लंबिंगचं दुकान, एवढ्यांच्या भरवशावर तो उभा राहतो.

पाणीच का?

वॉटर टनेल म्हणजे विंड टनेलचा पाण्यातला भाऊ. वस्तू स्थिर ठेवायची, तिच्यावरून पाणी एकसारखं वाहू द्यायचं आणि मागे काय होतं ते बघायचं. हवेत हेच करता येतं, पण तिथे सगळं फार घाईने घडतं. वस्तूमागचा प्रवाह कसा दिसेल हे मुख्यतः रेनॉल्ड्स अंकावर ठरतं. वेग गुणिले वस्तूची जाडी, भागिले द्रवाची गतिज विष्यंदिता (चिकटपणा भागिले घनता). ही विष्यंदिता पाण्याची हवेपेक्षा पंधरा-अठरा पटींनी कमी असते. म्हणून तोच रेनॉल्ड्स अंक पाण्यात तेवढ्याच पटीने कमी वेगात मिळतो. हवेत सेकंदाला सतरा भोवरे सुटत असतील, तर पाण्यात त्याच वस्तूमागे सेकंदाला एक सुटतो. तो डोळ्यांनी दिसतो, बोटांवर मोजता येतो आणि साध्या मोबाइलवर टिपता येतो.

पहिली पायरी: भोवरा ठरवा

गोल दांड्यापासून सुरुवात करा. त्याच्याबद्दल इतकं मोजून ठेवलेलं आहे की आपला टनेल खरं बोलतो की खोटं, ते लगेच कळतं.

रेनॉल्ड्स अंक ५ च्या आत असेल तर पाणी दांड्याला वळसा घालून मुकाट्याने पुढे जातं. ५ ते साधारण ४७ पर्यंत दांड्यामागे दोन भोवरे जोडीने चिकटून बसतात, हलत नाहीत. ४७ च्या वर ती जोडी फुटते आणि भोवरे आळीपाळीने सुटू लागतात, एक डावा, एक उजवा. हीच शास्त्रज्ञ कारमान यांच्या नावाने ओळखली जाणारी भोवऱ्यांची माळ. साधारण १९० च्या पुढे तिच्यात तिसऱ्या मितीतल्या गाठी पडतात. माळ दिसत राहते, पण पूर्वीसारखी रेखीव नाही.

आता आकडे घालू. सगळं मिलिमीटर आणि सेकंदात घेतलं की हिशोब तोंडी होतो. २५ अंश सेल्सिअसला पाण्याची गतिज विष्यंदिता ०.८९ चौरस मिमी प्रतिसेकंद. दांडा १० मिमीचा आणि वेग सेकंदाला ५० मिमी घेतला, तर ५० गुणिले १० भागिले ०.८९, म्हणजे सुमारे ५६०. भोवरे किती वेळा सुटतील? त्यासाठी स्ट्राउहाल अंक लागतो: वारंवारता गुणिले जाडी, भागिले वेग. रेनॉल्ड्स अंक ३०० ते २००० या पट्ट्यासाठी अनातोल रॉश्को यांनी १९५४ मध्ये दिलेलं सूत्र असं: स्ट्राउहाल अंक = ०.२१२ × (१ − १२.७ ÷ रेनॉल्ड्स अंक). ५६० घातले की ०.२०७ येतो. म्हणजे सेकंदाला ०.२०७ × ५० ÷ १०, साधारण १.०४ आवर्तनं. घड्याळाच्या सेकंदकाट्याच्या तालात भोवरा सुटणार.

वेग सेकंदाला १० मिमीवर आणला की रेनॉल्ड्स अंक ११२ होतो आणि देखणी, पुस्तकात छापतात तशी माळ मिळते. पण एवढ्या मंद पाण्याला नुसती ऊब लागली तरी ते वर-खाली फिरायला लागतं. खिडकीतून एका बाजूने ऊन आलं की संपलं. म्हणून देखण्या माळेसाठी वेग फार उतरवण्यापेक्षा दांडा बारीक करा. ३ मिमीची सळई आणि सेकंदाला ३५ मिमी वेग घेतला तरी अंक ११८ च्या आसपासच राहतो आणि पाणी उन्हाला तेवढं भीक घालत नाही.

तर आपला टनेल सेकंदाला २० ते ५० मिमी वेगासाठी बांधायचा.

दुसरी पायरी: बघायची खिडकी

चॅनलची आतली रुंदी १५० मिमी, पाण्याची खोली १५० मिमी, भिंतींची उंची २०० मिमी, लांबी ८०० मिमी. वरून उघडं. वरून उघडं ठेवायला अनेक जण कचरतात, लाटा येतील म्हणून. पाण्याच्या पृष्ठभागावर सर्वांत मंद लाटसुद्धा सेकंदाला साधारण २३ सेंटिमीटरने धावते. पाणी त्याहून हळू वाहत असेल तर दांड्यापुढे ठाण मांडून बसणाऱ्या लाटा तयारच होत नाहीत. आपण ५ सेंटिमीटरवर आहोत. झाकणाची गरज नाही, आणि दांडा बदलायला हात आत घालता येतो हे सुख वेगळंच.

१५० मिमी रुंदीत १० मिमीचा दांडा म्हणजे रुंदीच्या ६.७ टक्के जागा अडली. दहा टक्क्यांच्या वर जाऊ नका. त्यापुढे पाणी भिंत आणि वस्तू यांच्यात दाबलं जाऊन वेगाने निसटतं आणि तुमची वारंवारता वाढीव येते. पाचाच्या आत राहिलात तर उत्तमच.

आता एक हिशोब, जो बहुतेक जण करत नाहीत. काचेलगतचं पाणी काचेला धरून असतं, वाहत नाही. हा मंदावलेला थर पुढे पुढे जाड होत जातो. सेकंदाला ५० मिमी वेगात, चॅनलच्या तोंडापासून ३०० मिमी अंतरावर तो जवळजवळ साडेअकरा मिमी जाड असतो. दोन्ही भिंती आणि तळ मिळून वाहायची जागा इतकी कमी होते की मधलं पाणी सरासरीपेक्षा सात-आठ टक्के जोरात धावतं. म्हणजे बादलीने मोजलेला प्रवाह क्षेत्रफळाने भागून वेग काढलात, तर आठ टक्क्यांनी चुकाल. वेग नेहमी मधल्या पाण्यातच मोजायचा. कसा, ते पुढे येईल.

दांडा तोंडापासून २५० मिमीवर उभा करा. त्याच्या मागे ३५० मिमी बघायला मिळतात, आणि शेवटचे २०० मिमी टोकाच्या बांधाच्या (पाण्याची खोली राखणारी पट्टी, ती पुढे येईल) प्रभावासाठी सोडून द्यायचे.

काच की ॲक्रिलिक? या मापाला मी डोळे झाकून काच सांगेन, ८ मिमीची. फिश टँकवाला ती कापून, कडा घासून, सिलिकॉनने जोडून देतो आणि तो जोड वर्षानुवर्षं टिकतो. सिलिकॉन काचेला घट्ट धरतं, ॲक्रिलिकला धरत नाही. ॲक्रिलिक साइनबोर्डवाले क्लोरोफॉर्मने चिकटवतात. जोड सुंदर येतो, पण त्या वाफा घातक आहेत, बंद खोलीत ते काम करू नये. शिवाय ॲक्रिलिकवर पुसतानाही चरे पडतात. तळ मात्र काचेचाच हवा, कारण खाली ४५ अंशात आरसा ठेवून चित्रण करायचं आहे.

तिसरी पायरी: पाणी शांत करा

खरा टनेल हाच आहे. काचेचं चॅनल ही नुसती खिडकी, आणि माझ्या मते निम्मा वेळ आणि निम्मे पैसे तिच्या आधीच्या भागावर गेले पाहिजेत.

का ते बघा. सेकंदाला ५० मिमी वेगासाठी १५० × १५० च्या चॅनलमधून सेकंदाला १.१ लिटर पाणी जायला हवं. तेवढंच पाणी ४० मिमी पाइपमधून सेकंदाला ९० सेंटिमीटरने येतं. शांत टाकी ६०० मिमी रुंद आणि १५० मिमी खोल ठेवली, तर तिच्यात वेग सव्वा सेंटिमीटर असायला हवा. म्हणजे पाइपमधून येणारी धार हव्या त्या वेगाच्या सत्तर पट जोरात आहे. ती तशीच सोडली तर एका बाजूने सुसाट पुढे जाते आणि दुसऱ्या बाजूने पाणी उलटं फिरतं.

धार मोडायची पद्धत अशी. टाकीच्या मागच्या टोकाला रुंदीभर आडवा ४० मिमी पीव्हीसी पाइप बसवा, दोन्ही टोकं बंद, पाणी मधून टी-जोडाने आत. त्याला ६ मिमीची सुमारे ४० भोकं पाडा, तोंडं मागच्या भिंतीकडे. पाणी आधी भिंतीवर आपटून मरेल, मग पुढे येईल. भोकांचं एकूण क्षेत्रफळ पाइपच्या क्षेत्रफळापेक्षा थोडं कमीच ठेवा. जास्त ठेवलंत तर सगळं पाणी मोजक्या भोकांतून बाहेर पडेल आणि बाकीची शोभेला राहतील.

पुढे फिश टँकच्या फिल्टरचा फोम, ४० मिमी जाड, रुंदीभर. मग जाळीदार पोळं, म्हणजे हनीकोम्ब. इंटरनेटवर सगळीकडे शीतपेयाच्या नळ्या वापरा असं सांगतात. आपल्याकडे १ जुलै २०२२ पासून त्या प्लास्टिकच्या नळ्यांवर बंदी आहे आणि कागदाच्या पाण्यात तासाभरात लगदा होतात. आम्ही निवडणुकीचे आणि क्लासचे फलक ज्या पोकळ पन्हाळी प्लास्टिक शीटचे असतात, ती ५ मिमी जाडीची शीट घेतली. तिच्या ५० मिमी रुंदीच्या पट्ट्या अशा कापायच्या की पोकळ नाळ्या पट्टीच्या रुंदीच्या दिशेत राहतील. मग ६०० मिमी लांबीच्या तीस पट्ट्या एकावर एक रचायच्या. नाळीची लांबी तिच्या तोंडाच्या सहा ते आठ पट असली की पाण्यातलं आडवं फिरणं सरळ होतं. ५ मिमीला ५० म्हणजे दहा पट, थोडं जास्तच, पण चालतं.

यात दोन खाचखळगे. कातरीने कापलं तर नाळ्यांची तोंडं चेपतात. धारदार कटर आणि लोखंडी पट्टी घ्या, एका चिरेत नाही तर तीन-चार हलक्या चिरांत कापा. आणि हे प्लास्टिक पाण्यावर तरंगतं. आमची तीस थरांची रचना पहिल्याच भरणीत तराफ्यासारखी वर आली. वरून आडवी पट्टी ठोकून ती दाबून ठेवावी लागते.

एअर कूलरच्या पॅडलाही बाजारात हनीकोम्ब म्हणतात आणि ते स्वस्तात मिळतं, म्हणून मोह होतो. घेऊ नका. त्याच्या नाळ्या मुद्दाम तिरक्या असतात, त्या पाण्याला सरळ करण्याऐवजी फाकवतात.

पोळ्यानंतर स्टीलच्या बारीक जाळ्या, दोन. दारं-खिडक्यांना लावतात ती डासांची स्टीलची जाळी पुरते: इंचाला १६ तारा, तार ०.२८ मिमीच्या आसपास. तिचा ६८ टक्के भाग मोकळा असतो. ५७-५८ टक्क्यांच्या खाली गेलं की जाळीतून निघणाऱ्या धारा एकमेकींना चिकटून प्रवाह विस्कटतात. सव्वा सेंटिमीटर वेगात या तारेचा रेनॉल्ड्स अंक चारच्या आसपास येतो, म्हणजे तार स्वतः भोवरे सोडत नाही. जाळी चौकटीवर ढोलकीच्या कातड्यासारखी ताणून बसवा. दोन जाळ्यांमध्ये ६० मिमी आणि शेवटच्या जाळीपुढे किमान १०० मिमी मोकळं पाणी. अशी टाकीची लांबी ४५० मिमीत बसते.

चौथी पायरी: निमुळता भाग

६०० मिमी रुंदीवरून १५० वर यायचं, म्हणजे चौपट निमुळतं. वेग चौपट होतो, पण त्यातले चढउतार त्या प्रमाणात वाढत नाहीत, म्हणून चॅनलमध्ये पाणी सारखं वाटतं. रीतसर टनेलमध्ये तळही वर येतो. पहिल्या टनेलला मी तळ सपाटच ठेवायला सांगेन. दोन्हीकडून वक्र असलेले कोपरे जुळवताना सुतार आणि तुम्ही एकमेकांशी बोलणं बंद कराल.

भिंतीचा वक्र सुरुवातीला आणि शेवटी सपाट हवा. लांबी ६०० मिमी धरून मध्यरेषेपासूनची अंतरं ही अशी: सुरुवातीला ३००, १५० मिमी पुढे गेल्यावर २७६.७, बरोबर मध्ये १८७.५, ४५० मिमीवर ९८.३ आणि शेवटी ७५. मधले बिंदू हवे असतील तर: गेलेलं अंतर भागिले एकूण लांबी ही संख्या घ्या. तिच्या घनाची १० पट, उणे चौथ्या घाताची १५ पट, अधिक पाचव्या घाताची ६ पट. येईल त्याला २२५ ने गुणा आणि ३०० मधून वजा करा.

मरीन प्लायच्या फासळ्या या आकारात कापून त्यांवर १ मिमी सनमायका वाकवून चिकटवायचा. गुळगुळीत बाजू पाण्याकडे. बाकी टाकीही १८ मिमी मरीन प्लायची, आतून इपॉक्सीचे दोन-तीन हात. प्लाय जिथे काचेला भेटतो तिथे पायरी राहता कामा नये. आमच्याकडे दीड मिलिमीटरची कड राहिली होती आणि आम्ही आठवडाभर एका भिंतीलगतच्या लाटेचं कारण शोधत होतो. सिलिकॉन भरा, सुकल्यावर ब्लेडने तासा, डोळे मिटून बोट फिरवा. बोटाला जे लागतं, ते पाण्यालाही लागतं.

पाचवी पायरी: बाहेर पडणारं पाणी आणि बुडबुडे

चॅनलच्या शेवटी खाली-वर सरकणारी पट्टी लावा, हाच बांध. सेकंदाला १.१ लिटर पाणी १५० मिमी रुंदीच्या बांधावरून साधारण २५ मिमी जाडीने वाहतं, म्हणून १५० खोलीसाठी पट्टी १२५ मिमीवर. प्रवाह निम्मा केला की ही जाडी १६ मिमीवर येते. पट्टी ९ मिमी वर सरकवली की खोली पुन्हा तीच.

बांधावरून पाणी सरळ खालच्या, म्हणजे पंप जिथून पाणी ओढतो त्या टाकीत पडू दिलंत, तर ताक झालंच म्हणून समजा. पडणारं पाणी हवा ओढून नेतं, पंप तिचा चुरा करतो, आणि तो चुरा पोळ्याच्या नाळ्यांत जाऊन बसतो. चार-पाच टक्के नाळ्या जरी बुडबुड्यांनी बुजल्या, तरी पुढच्या पाण्यात पट्टे पडतात. इलाज तीन, आणि तिन्ही करा. बांधावरून पडलेलं पाणी रुंद पाइपने खालच्या टाकीच्या पाण्याखाली उतरवा. खालच्या टाकीत मधोमध आडभिंत घाला, म्हणजे पाणी लांबचा वळसा घेऊन पंपाकडे येईल आणि वाटेत बुडबुडे वर निघून जातील. आणि आडभिंतीच्या वरच्या फटीत फोम ठेवा. टाकी २०० लिटरची घ्या. वरच्या सगळ्या भागात मिळून ९० लिटरच्या आसपास पाणी असतं, आणि गळती झालीच तर ते सगळं खाली मावलं पाहिजे. टेबलावर ९० किलो पाणी अधिक काच, अधिक प्लाय येणार आहे, हे लोखंडी स्टँड करणाऱ्याला आधीच सांगा.

सहावी पायरी: आता पंप

हवं काय? मिनिटाला ६७ लिटर, दोनेक मीटर हेडला (हेड म्हणजे पाणी चढवायची उंची). एवढंच. बागेतल्या तळ्यासाठी मिळणारा पाण्यात बुडवायचा पंप, तासाला आठ-दहा हजार लिटरचा, हे काम आरामात करतो. घरातला अर्ध्या एचपीचा मोनोब्लॉकही चालतो, पण नेमप्लेटवरची हेडची रेंज वाचा. तो उंच गच्चीवर पाणी चढवायला बनलेला असतो. दोन मीटरवर मोकळा सोडला तर मोटर जास्त करंट ओढते आणि तापते. डिलिव्हरीला गेट व्हॉल्व्ह लावून तो आवळूनच चालवा. बॉल व्हॉल्व्हने बारीक नियंत्रण जमत नाही. सिंगल फेज मोटरला पंख्याचा रेग्युलेटर लावून वेग कमी करण्याचा प्रयोग कोणीतरी सुचवेलच. त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

मोनोब्लॉक चालवलात तर सगळ्या पाण्याचं तापमान तासाला दीडेक अंशाने चढतं. एका अंशाला पाण्याची विष्यंदिता दोन टक्क्यांनी उतरते. तास-दीड तासाच्या प्रयोगात रेनॉल्ड्स अंक आपोआप चार-पाच टक्के सरकतो, म्हणून प्रत्येक नोंदीसमोर तापमान लिहायचंच. पंप आणि टनेल यांच्यामध्ये रबरी नळीचा तुकडा ठेवा, नाहीतर मोटरची थरथर दांड्यापर्यंत पोहोचते.

आणि विजेचं. पाणी आणि २३० व्होल्ट एकाच टेबलाखाली आहेत. ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) आणि खरं अर्थिंग नसेल तर पुढचं काही करू नका.

सातवी पायरी: पहिलं पाणी

नळाचं ताजं पाणी लगेच वापरू नका. त्यात विरघळलेली हवा काचेवर, जाळीवर, दांड्यावर मोत्यांसारखी जमते. पाणी एक दिवस टाकीत राहू द्या. मग हळूहळू भरा, पोळ्याच्या नाळ्या हाताने हलवून त्यातली हवा काढा, आणि पंप चालू करून पंधरा मिनिटं काहीही न करता बसा. हे सगळ्यात अवघड काम आहे.

प्रवाह मोजायला २० लिटरची बादली आणि स्टॉपवॉच. बांधाखाली धरल्यावर ती १८ सेकंदांत भरली की सरासरी वेग जवळजवळ ५० मिमी. मग मधला वेग. दांडा काढून टाका, काचेवर ३०० मिमी अंतरावर दोन खुणा करा, रंगाचा छोटा ठिपका सोडा आणि तो एका खुणेपासून दुसरीपर्यंत किती वेळात जातो ते दहा वेळा मोजा. साडेपाच-सहा सेकंद यायला हवेत. डावीकडे, मध्ये, उजवीकडे, सगळीकडे मोजा. मधल्या १०० मिमी पट्ट्यात वेग दोन-तीन टक्क्यांहून जास्त बदलत असेल, तर पोळं तपासा. दहातल्या नऊ वेळा बुडबुडे किंवा चेपलेल्या नाळ्या सापडतात.

आठवी पायरी: रंग

खायच्या रंगात थोडं दूध मिसळा. दुधामुळे रेघ लवकर फुटत नाही आणि कॅमेऱ्यात दाट दिसते. रंग खाली बसत असेल तर थेंब-थेंब स्पिरिट घालून घनता जुळवा. सोडायला सलाइनचा सेट आणि सुई. सेटवरचं ते छोटं चाक रंग नियंत्रित करायला इतकं चांगलं आहे की दुसरं काही शोधायची गरज नाही.

पण सुई कुठे धरायची? आम्ही १८ गेजची सुई वाकवून दांड्याच्या ८० मिमी पुढे धरली. रंगाची रेघ दांड्यापर्यंत पोहोचण्याआधीच नागमोडी. मुलांनी पंपाला दोष दिला, मी जाळीला. मग एका विद्यार्थिनीने सुईचाच रेनॉल्ड्स अंक काढला. व्यास १.२७ मिमी, वेग ५०, म्हणजे ७१. सुई स्वतःच भोवरे सोडत होती! तीच सुई निमुळत्या भागाच्या आधी, शांत टाकीत धरली की तिथे वेग चौथा हिस्सा, अंक १८, भोवरे बंद. शिवाय निमुळत्या भागातून येताना रेघ आणखी बारीक होते. दांड्याच्या ऐन समोर आणायला सुई मिलिमीटर-मिलिमीटरने सरकवावी लागते, तेवढाच त्रास. रंग सुईतून जोरात सुटला तर रेघ फुगते, हळू सुटला तर अडखळते; आजूबाजूच्या पाण्याच्याच वेगाने तो निघायला हवा.

तळाखाली आरसा, वर पांढऱ्या ॲक्रिलिकमागे एलईडी पॅनेल, आणि मोबाइल आरशासमोर. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा. सेकंदाला एक भोवरा सुटतोय, त्याला ३० फ्रेम पुरे. स्लो मोशन लावलंत तर वर एलईडीच्या लुकलुकीचे पट्टे येतील.

नववी पायरी: मोजा आणि ताडून बघा

एका मिनिटाचं चित्रण घ्या आणि दांड्याच्या एकाच बाजूने सुटणारे भोवरे मोजा. दोन्ही बाजूंचे मोजले की वारंवारता दुप्पट येते. ही चूक दरवर्षी कोणी ना कोणी करतंच. वर काढलेल्या उदाहरणात मिनिटाला ६२ च्या आसपास यायला हवेत. एकाने चुकलात तरी दीड टक्का. मधला वेग वापरून स्ट्राउहाल अंक काढा. तो ०.२०७ च्या पाच टक्के आत असेल तर टनेल खरा बोलतोय. जास्त येत असेल तर आधी वेगावर संशय घ्या, मग अडलेल्या जागेवर. त्यानंतर प्रवाह बदलून पाच-सहा नोंदी घ्या आणि वारंवारता विरुद्ध वेग असा आलेख काढा. रेघ जवळजवळ सरळ यायला हवी.

भोवरे दिसायला लागले की शंका येते, हे टनेलचं हलणं तर नाही ना? ही शंका फार जुनी आहे. जर्मनीत गटिंगनला प्रवाहशास्त्रज्ञ प्रांटल यांच्याकडे कार्ल हिमेंट्स नावाचा विद्यार्थी दांड्याभोवतीचा दाब पाण्याच्या चॅनलमध्ये मोजत होता आणि प्रवाह काही केल्या स्थिर होईना. दांडा नीट गोल नसेल म्हणून तो पुन्हा घासला, चॅनल सममित नसेल म्हणून तो नीट केला. थेओडोर फॉन कारमान रोज येऊन विचारायचे, झाला का स्थिर? उत्तर तेच, सारखा डोलतोय. शेवटी १९११ मध्ये कारमान यांनी गणित मांडून दाखवलं की भोवऱ्यांच्या समोरासमोरच्या जोड्या टिकूच शकत नाहीत, आळीपाळीची मांडणीच टिकू शकते, आणि तीही दोन रांगांमधलं अंतर भोवऱ्यांतल्या अंतराच्या ०.२८१ पट असेल तेव्हाच. आपल्याला मात्र ओळखायची सोपी खूण आहे: वेग दुप्पट केला की खऱ्या भोवऱ्यांची वारंवारता साधारण दुप्पट होते, टेबलाची किंवा मोटरची थरथर होत नाही.

गोल दांडा जमला की चौकोनी, अर्धगोल, जुन्या दगडी पुलाच्या खांबाला असतं तसं टोकदार नाक लावलेला, असे आकार लाकडात तासून घाला. रंगाऐवजी बारीक कण आणि प्रकाशाचा पातळ पडदा वापरून वेगाचा नकाशाही काढता येतो. ओपनपीआयव्ही हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी आहे. कण १० मायक्रॉनच्या पोकळ काचेच्या गोळ्यांचे घ्या. प्रकाशासाठी लेझर वापरणार असाल तर त्याच्यासाठीचा चष्मा आधी घ्या, लेझर नंतर.

तास-दोन तासांनी पाणी रंगून गढूळ होतं. सगळं ओतून टाकायची गरज नाही: थोडं सोडियम हायपोक्लोराइट घातलं की बरेचसे खायचे रंग उडून पाणी पुन्हा स्वच्छ दिसतं. त्यात ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर चुकूनही मिसळू नका, आणि स्टीलच्या जाळ्या महिन्यातून एकदा काढून बघा, क्लोरीन त्यांना खातं. दूध घातलेलं पाणी मात्र दोन दिवसांत वास मारायला लागतं, ते बदलावंच लागतं. दिवाळीच्या सुट्टीआधी टनेल पूर्ण रिकामा करून कोरडा पुसा. आम्ही एकदा विसरलो होतो. परत आलो तेव्हा शांत टाकीत डासांच्या अळ्या वळवळत होत्या, आणि पुढच्या जाळीने एकही पलीकडे जाऊ दिली नव्हती.